पाणी नसलेली बंदरं

खाडीकाठ

मागच्या रविवारी भाचीला घेऊन मस्जिद स्टेशनला उतरले. वर्षाचा मसाला करायचा होता, मिरच्या-धणे बघायचे होते. अकरा वर्षांची पोर, पुलावरच म्हणाली, "मावशी, सगळे याला मस्जिद बंदर म्हणतात. मग बंदर कुठाय?" मी ऐटीत पूर्वेकडे हात केला. तिकडे लोखंडी सळ्या लादलेला एक ट्रक आणि त्याच्यामागे गोदीची भिंत. बस.

घरी येऊन यादी केली. बोरीबंदर, चिंचबंदर, मस्जिद बंदर, वाडीबंदर, दाणाबंदर, लकडी बंदर, टँक बंदर, कोळसा बंदर. शिवडीकडे तर एक 'हे बंदर' आहे. पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, रंगवणारा पुढचं लिहायचं विसरला. हे बंदर काय? पण ते 'हे' इंग्रजीतलं, म्हणजे सुकं गवत. घोड्यांचा चारा उतरायचा तिथे. यातल्या बऱ्याच ठिकाणी आज उभं राहिलं तर पाण्याचा थेंब दिसत नाही.

मुंबईचा इतिहास म्हटला की आपण कोट सांगतो, गिरण्या सांगतो, फारच झालं तर सिनेमा. गोदी मधेच गळते. माझं म्हणणं असं की बाकीचं सगळं गोदीच्या पोटी आलं. सुरतेची तापी गाळानं भरायची, मोठी जहाजं बाहेर सुवाळीला नांगर टाकून उभी राहायची. मुंबईचं खोल पाणी बेटाच्या पूर्वेला, म्हणजे नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला पाठ करून. इंग्रजांना हवं होतं ते हे. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालनं ते दुसऱ्या चार्ल्सला दिलं, पण गोव्याचा व्हाइसरॉय ताबा द्यायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी आपला हिंदुस्थान गेला, असं त्यानं आपल्या राजाला कळवून टाकलं होतं. ताबा घ्यायला आलेली इंग्रज पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसली आणि रोगानं तिथेच बहुतेक संपली. त्यांचा प्रमुख शिपमनही गेला. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक उरलेल्या मूठभर माणसांना घेऊन मुंबईत उतरला. तीनच वर्षांत, १६६८ ला, राजानं हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

तर धागा यासाठी. तुमच्या माहितीतलं, घरातलं, ऐकलेलं जे काही पूर्व किनाऱ्याचं असेल ते इथे टाका. आणि मस्जिद बंदरची मस्जिद कुठली, हेही कुणी सांगा. भाचीनं तोही प्रश्न विचारून ठेवलाय.

चष्मेबहाद्दर

छान सुरुवात. एक खडा टाकतो. 'इंग्रजांनी मुंबई वसवली' छापाचं वाक्य येण्याआधीच सांगून ठेवतो, कोळी आधीपासून होते. मांडवी कोळीवाडा आजही त्या भिंतीला खेटून आहे. माझगाव, डोंगरी, वरळी ही नावं इंग्रजांच्या कितीतरी आधीची. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहानं वसईच्या तहात ही बेटं पोर्तुगीजांना दिली, तेव्हाही इथे मासे वाळतच होते.

खाडीकाठ

@चष्मेबहाद्दर, एकदम मान्य. म्हणून तर मी 'इंग्रजांना हवं होतं' लिहिलं, 'इंग्रजांनी शोधलं' नाही.

अश्दोदचा आवाज

नमस्कार मंडळी, इस्रायलहून लिहितोय. आमचे आजोबा डोंगरीचे. मस्जिदीचा प्रश्न माझ्यासाठीच आलाय असं समजतो.

ती मस्जिद मुसलमानांची नव्हे, आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची. सॅम्युएल इझीकेल दिवेकर, आमच्यात सामाजी हासाजी म्हणतात, कंपनीच्या पलटणीत होते. टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि सुटलो तर देवाचं घर बांधीन हा नवस १७९६ मध्ये फेडला, असं आमच्या घराघरात सांगतात. प्रार्थनास्थळाचं नाव 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं दार. पण आमच्या बायका मराठी बोलणाऱ्या, त्या सिनेगॉगलाही मशीदच म्हणायच्या. पुढे दुसरं झालं तेव्हा ही झाली 'जुनी मशीद'. तिच्या समोरचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. स्टेशनला नाव तिच्यावरूनच पडलं असं आम्ही मानतो. भाचीला सांगा, आडनावातलं 'दिवे' म्हणजे श्रीवर्धनजवळचं दिवेआगर.

खाडीकाठ

वा! पन्नास वर्षं या स्टेशनवरून जातेय आणि हे आज कळतंय. भाचीला फोन करून सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: "मग तिथे जाऊ या?"

घोडपदेव

माझे वडील व्हिक्टोरिया गोदीत टॅली क्लार्क होते. टॅली म्हणजे जहाजातून क्रेनची जाळी खाली आली की त्यातल्या गोणी मोजायच्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, झाले पाच. दिवसभर तेच. घरात गणपतीला मोदक मोजतानासुद्धा त्यांचा हात पाचाच्या पाचाच्या ढिगाकडेच जायचा. आई चिडायची, एकवीस करायचेत, पाचात बसत नाहीत!

लहानपणी त्यांनी मला गोदीचं दार दाखवलं होतं. लोकांना वाटतं गोदी म्हणजे धक्का. तसं नाही. मुंबईच्या पाण्यात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटर पडतो. ओहोटीला जहाज धक्क्याला लागलेलं असेल तर खाली बसेल. म्हणून खणून कुंड करायचं, त्याला दार लावायचं. भरतीला दार उघडा, जहाजं आत घ्या, पाणी उतरायच्या आत दार लावा. बाहेर ओहोटीचा चिखल दिसतो, आत जहाज आरामात तरंगतंय. त्याच्याआधी जहाजं समुद्रात उभी आणि माल पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, काठावर, हमालांच्या डोक्यावरून. पावसाळ्यात काय हाल होत असतील बघा.

पहिली अशी व्यापारी गोदी ससूननी केली, १८७५. मग प्रिन्सेस १८८०, व्हिक्टोरिया १८८८, अलेक्झांड्रा म्हणजे आजची इंदिरा गोदी १९१४. तिच्या खोदकामाची माती टाकून शेजारी बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. लोक तिथे जाऊन लंडनसारखं वाटतं म्हणत फोटो काढतात. पायाखाली गोदीतला चिखल आहे राव.

गाळपेर

प्रिन्सेस गोदीवरून आठवलं. ती खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले होते, शेकड्यांनी, त्यातले कितीतरी मुळांसकट उभे. बहुतेक खैर. म्हणजे कधीकाळी तिथे जंगल होतं, जमीन खचली, पाणी आलं, वर गाळ बसला. पुढे अलेक्झांड्रा गोदी खणतानाही तसंच.

आता मजा बघा. खैराचं रान बुडालं, त्यावर समुद्र आला, समुद्र हटवून माणसानं गोदी केली, आणि आता कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या बऱ्याच अंशी बुजवल्यात. एकाच जागेचे चार जन्म झाले. घोडपदेव, तुमच्या वडिलांची गोदी आता जमीन आहे.

घोडपदेव

माहितीये. निवृत्तीनंतर एकदा त्यांना टॅक्सीनं त्या बाजूला नेलं होतं. गाडीतून उतरले नाहीत.

टीसकाठी

मी इंग्लंडच्या ईशान्येला असतो. हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' नावाचं जुनं लढाऊ जहाज पाण्यात ठेवलंय, तिकीट काढून बघता येतं. मुंबईच्या गोदीत १८१७ ला बांधलेलं! नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांकडे ओक कमी पडायला लागला, आणि मलबारच्या सागवानाला ओकसारखा कुजका रोग लागत नाही. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ ला सुरतेहून आले, १७५० मध्ये मुंबईला सुकी गोदी झाली, म्हणजे पाणी काढून जहाजं दुरुस्त करायची.

खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. मी एका तुळईवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. बायको म्हणाली, चल, पार्किंगची वेळ संपतेय. नाळेवर फेटेवाल्या हिंदी माणसाचा पुतळा आहे. तोही बिचारा थंडीत.

चष्मेबहाद्दर

जहाजांचं कौतुक चाललंय म्हणून दुसरं एक नाव घेतो. 'कॉर्नवॉलिस', मुंबईतच १८१३ मध्ये पाण्यात उतरलेलं. १८४२ मध्ये पहिलं अफूयुद्ध संपलं तेव्हा चीननं नानकिंगच्या तहावर सह्या केल्या त्या याच जहाजावर. युद्ध ज्या अफूवरून झालं त्यातली बरीच माळव्याची, मुंबई बंदरातून गेलेली. १८१३ ला कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी गेली आणि इथले पारशी, गुजराती, कोकणी मुसलमान, बगदादी ज्यू व्यापारी कापूस नि अफू घेऊन चीनला धावायला लागले. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेली इस्पितळं, शाळा, माहीमचा पूल, सगळं आपण वापरतो. पैसा कुठून आला तेही माहीत असावं, एवढंच.

आजीचा चमचा

दरवेळी हे का? त्या काळी कायदेशीर होती अफू. दानशूर माणसावर चिखल उडवून काय मिळतं?

चष्मेबहाद्दर

आपल्या गोदीत कायदेशीर होती, ताई. चिनी बादशहानं बंदी घातली होती, म्हणून तर लढाई झाली. चिखल मी उडवत नाही. माझा मुलगा जीजीभाईंच्याच कलाशाळेत शिकलाय.

खाडीकाठ

दोघांनीही इथेच थांबा प्लीज. दोन्ही खरं असू शकतं.

कापसाचं मी लिहिते. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आपला आखूड धाग्याचा कापूस ज्याला एरवी नाक मुरडायचे तो सोन्याच्या भावानं गेला. मुंबईत पैसा इतका आला की समुद्र बुजवायच्या कंपन्याच निघाल्या. प्रेमचंद रायचंद वगैरे मंडळी त्यांचे शेअर खेळवत होती. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं, बँकांसकट. पण गंमत अशी की बुजवलेली जमीन तर राहिली! बोरीबंदरापासून उत्तरेचा काठ एल्फिन्स्टन नावाच्या खासगी कंपनीच्या हातात होता, तो सरकारनं विकत घेतला आणि १८७३ मध्ये बंदराचा कारभार बघणारा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्याआधी १८६९ ला सुएझचा कालवा उघडला होताच. मग गोद्या एकामागून एक.

परभूआळी

भाऊच्या धक्क्याचा भाऊ कोण, हे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं! आमच्या पाठारे प्रभूंतले लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ऊर्फ भाऊ रसूल. कुलाब्याला तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते. होड्यांतून उतरणाऱ्या लोकांचे चिखलात हाल बघून त्यांनी शहराचा केरकचरा भरावाला वापरून धक्का बांधला, १८४० च्या सुमारास. आज आपण जिथून रेवसची लाँच धरतो तो मूळचा नव्हे. मूळचा कर्नाक बंदराकडे होता, गोद्यांच्या भरावात गडप झाला. नाव मात्र लोकांनी उचलून नव्या जागी नेलं.

(आणि हो, वरळीच्या बांधाला महालक्ष्मीनं स्वप्नात येऊन वाट दाखवली ती गोष्टही आमच्याच रामजी शिवजींची. खरीखोटी देवीला ठाऊक.)

गाळपेर

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा मुंबईचा कचरा टाकायची जागा समुद्रच.

मु. पो. हर्णै

गोदी-गोदी चाललंय, पण आम्हा कोकण्यांची मुंबई भाऊच्या धक्क्यालाच सुरू व्हायची. आगबोटीनं यायचं. हर्णैला बोट बाहेर उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, लाटेवर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून वर खेचायचा. आजी लुगड्याचा काष्टा घट्ट करून देवाचं नाव घ्यायची. फणसाचा वास आणि ओकारीचा वास, असं मिश्रण असायचं म्हणे. गिरणगावातली, गोदीतली निम्मी माणसं अशीच आली.

'रामदास'चं नाव इथे यायलाच हवं. १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ लाटेनं कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी निघालेली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी मासळी टाकून हाताला येतील तेवढी वाचवली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, आणि देशाच्या आठवणीत 'रामदास'ला जागाच उरली नाही. अलिबागकडे मात्र अजून घरं आहेत जिथे त्या अमावास्येला कोंबडी शिजत नाही.

माझगाव डोंगर

मग १४ एप्रिल १९४४ मी लिहितो. 'फोर्ट स्टिकिन' जहाज, बर्केनहेडहून निघून कराचीमार्गे व्हिक्टोरिया गोदीत. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, वर कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. कापूस पेटला. बंब आले, पाणी मारत राहिले, जहाज गोदीबाहेर न्यायचा निर्णय होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. सहासष्ट अग्निशामक जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांचा. एकूण मेलेल्यांचा सरकारी आकडा आठशेच्या आसपास, लोकांचा आकडा त्याहून बराच मोठा.

आमची आजी तेव्हा नऊ वर्षांची, माझगावात. ती एवढंच सांगायची: आवाजानं नव्हे, अंगणात जळता कापूस पडायला लागला तेव्हा ती घाबरली. वरून पेटलेली बोंडं, हळूहळू, पिसासारखी. सोनं कुणाकुणाला सापडलं यावर चाळीत पुढची तीस वर्षं कुजबूज होती. गाळ काढताना विटा नंतरही निघत राहिल्या.

टेबलफॅन

प्लेगही तिथलाच. १८९६, मांडवी, डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरनं ओळखला. धान्याची गोदामं, उंदीर, आणि चीनकडून येणारी जहाजं. पुढच्याच वर्षी हाफकिननी लस शोधली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलमध्ये.

दारूखाना

माझी आयडी बघून हसू नका, दारू म्हणजे बंदुकीची. माझगावला पूर्वी बारुदीचा कारखाना होता. आता तिथे जुनी जहाजं तोडतात, म्हणजे तोडायचे.

१९४६ चा नाविकांचा उठाव राहिला ना मंडळी? १८ फेब्रुवारी, 'तलवार' तळावर खलाशांनी खराब जेवणावरून काम थांबवलं. चार दिवसांत बंदरातल्या बोटींवरून युनियन जॅक उतरले, गिरणी नि गोदी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. आणि ज्या रस्त्याला गोदीची भिंत आहे त्याचं नाव आधी फ्रियर रोड, आता पी. डिमेलो रोड. गव्हर्नर जाऊन गोदी कामगारांचा पुढारी आला. तोलीवाला नावाचा मुकादम ज्याला बोलावेल त्याला काम, ज्याला नाही तो उपाशी, ही पद्धत मोडायला डिमेलो लढले. रोज लाखो लोक त्या रस्त्यानं जातात, डिमेलो कोण विचारा एकाला!

न्हाव्याचा

सगळे पलीकडच्या काठावर बसून लिहिताय. मी या काठावरचा, उरण तालुका.

कंटेनर आले तसं जुन्या गोद्यांना जमेना. कंटेनरला लागतो मोकळा माळ आणि खोल पाणी. गोदीच्या मागे शहर चिकटलेलं, ट्रक वळायला जागा नाही. म्हणून १९८९ ला इकडे न्हावा-शेवा बंदर. त्या बंदराच्या नि नव्या मुंबईच्या जमिनी कुणाच्या? आगऱ्यांच्या, कोळ्यांच्या, कराड्यांच्या. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे सगळा तालुका उतरला, जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व निघालं. आमच्या घरच्या तुकड्याचे कागद अजून कपाटात आहेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

तुमच्या बंदरांतून पाणी गेलं, ते इकडे आलं. आमच्या शेतातून शेत गेलं.

खाडीकाठ

@न्हाव्याचा, हे वाचून मी थोडा वेळ काही टंकलंच नाही. खरं तर धाग्याचं नाव ठेवताना मला फक्त इकडचा काठ दिसत होता. पुढे लिहा, कागदांचं सोडून, मिठागरांचं लिहा.

आणि भाचीचा हट्ट: पुढच्या शनिवारी 'जुनी मशीद' बाहेरून बघून, डिमेलो रोडनं भाऊच्या धक्क्यावर, तिथून लाँचनं उरणजवळच्या मोऱ्याला. येताना अटल सेतूवरून, एकवीस किलोमीटर शिवडीपर्यंत, फ्लेमिंगो दिसले तर दिसले. कोण कोण येतंय?

घोडपदेव

मी. वडिलांना विचारतो.

मु. पो. हर्णै

मीही. पण भरतीचं टायमिंग बघून निघा. भर ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो, लाँच धक्क्याला लागत नाही.

न्हाव्याचा

लागते, अर्धा-पाऊण तास पाण्यात उभी राहून. या, मी मोऱ्याला घ्यायला येतो. भाचीसाठी जवळा सांगून ठेवू का, की शाकाहारी आहे?